घरपट्टीच्या पावतीवरची एक ओळ

शहापूर, बेळगाव

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला. आपल्या नाटक-गाण्याच्या मंडळाच्या तालमीच्या जागेविषयी मंडळींचे काय ठरते हे कळल्याशिवाय लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून उत्तर लांबले. काल अखेर बैठक झाली. साडेतीन तास चालली, त्यांतला निम्मा वेळ चहा आणि रुसवेफुगवे यांत गेला.

जागेची अवस्था तू पाहिलेली आहेस, तिच्यात आता आणखी भर पडली आहे. परवाच्या पावसात पत्र्याखाली चार बादल्या ठेवून पोरांनी तालीम केली, आणि प्रवेशात शांतता हवी तिथे थेंबांचा ठेका सुरू राहिला. पेटी उघडली तर उंदराने भाता कुरतडलेला. जागेचा मालक भला माणूस आहे, भाडे वाढवत नाही. पण विजेचे बिल मात्र दुकानाच्या दराने येते, आणि इथे विक्री कसलीच होत नाही हे कचेरीत तीनदा जाऊन सांगितले तरी कोणाला पटले नाही.

सीमाभागातील मराठी संस्था म्हणून मुंबईकडे मदत मागावी, असे तू सुचवलेस. बैठकीतही निम्म्या लोकांचे तेच मत होते. मी विरोध केला, आणि त्याचे कारण तुला सविस्तर सांगतो. घरपट्टी आपण इथे भरतो. एप्रिलमध्ये पाच टक्के सूट मिळते म्हणून मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात रांगेत उभा असतो. यंदा पावती नीट वाचली, तर तिच्यात ग्रंथालय कराची एक ओळ आहे. कर्नाटकाने 1965 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हापासूनची ही व्यवस्था असून आता मालमत्ता कराच्या रुपयामागे सहा पैसे वाचनालयांसाठी गोळा होतात. पुस्तकासाठी प्रत्येक घरातून सहा पैसे निघू शकतात, तर गाणे, नाटक, चित्र यांसाठी महापालिकेच्या अर्थसंकल्पात साधी एक ओळ का असू नये? नवा कर बसवा असे मी म्हणत नाही. आहे त्यातूनच छपराचा, विजेचा आणि झाडलोटीचा खर्च दरवर्षी, न मागता मिळावा, एवढेच म्हणणे आहे.

याला आधारही आहे. 74व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे 18 विषय आहेत, आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा त्यांतलाच एक. खानापुराकडच्या खेड्यांसाठी अकराव्या अनुसूचीतही सांस्कृतिक कार्याचा उल्लेख आहे. अर्थात राज्य हे विषय सोपवू 'शकते', इतकीच त्यातली भाषा. त्यामुळे कोर्टात जाऊन हक्काने काही वसूल करता येईल अशा भ्रमात मी नाही. पण नगरसेवकासमोर बसताना हातात कागद असला की माणूस याचकासारखा दिसत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण माझ्या मनातून जात नाही. शाहू महाराजांच्या काळात 1915 साली उभे राहिलेले ते नाट्यगृह पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले गेले, महापालिकेकडे आले, आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी राखेसमोर रडणारे कलाकार आपण टीव्हीवर पाहिले. पुनर्बांधणीच्या घोषणाही लगेच झाल्या. उद्घाटनाला आणि दुर्घटनेला पैसा धावून येतो. मधल्या शंभर वर्षांतल्या तारा, पत्रे आणि नळ यांचे कोणी नाव घेत नाही. म्हणूनच आपल्याला एकरकमी देणगीपेक्षा लेखी करार हवा: जागा व देखभाल महापालिकेची, कार्यक्रम कोणते करायचे हे ठरवण्याचा अधिकार मंडळाचा. हे दुसरे वाक्य सुटले तर सगळेच हातचे जाईल, कारण दुरुस्तीच्या पैशाबरोबर प्रमुख पाहुण्यांची यादीही येते.

भाषेचा प्रश्न आलाच. अर्ज कन्नड आणि मराठी दोन्हींत द्यायचा, असे मी म्हणताच एकजण उठून गेला (नंतर चहाला परत आला). मराठीतून कागद मिळावेत या मागणीत मी तसूभर मागे नाही, हे तुला ठाऊक आहे. पण कुमार गंधर्व आपल्याच सुळेभावीचे, घर कन्नड, आणि त्यांच्या गाण्यावर हक्क सांगताना आपण कधी संकोचलो नाही. गोकाकाकडचे श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य खेळणारी मंडळी आपल्या रंगमंचावर आली तर मराठी बुडणार नाही, उलट प्रभागातली कन्नड घरेही अर्जावर सह्या करतील. बऱ्याच चर्चेनंतर हे मान्य झाले, एकमताने नव्हे.

आता तुझे काम. तू आयुष्यभर हिशेबात घालवलेस, तेव्हा वर्षाच्या देखभालीचे प्रामाणिक आकडे मांडून दे. फुगवू नकोस, कारण फुगवलेला आकडा कापला जातो आणि त्याबरोबर खराही कापला जातो. अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मांडला जातो, म्हणून दिवाळीपूर्वी कागद हातात हवेत. आणि पुण्याहून गाडीने येणार असशील तर मिरजेला उतरून तंबोऱ्याच्या तारांचा एक संच घेऊन ये, इथे मिळतात त्या चार दिवसांत गंजतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
शहापूरचा मित्र