त्या चाकाबद्दल

प्रिय मित्रा,

सात महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. कारणं सांगत बसत नाही, तुला ती पाठ आहेत. तब्येत ठीक. डाव्या कोपराला खरचटलंय, बाकी काही नाही. रविवारच्या सायकल शर्यतीत जे झालं ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगावं असं वाटत नाही. घरी सांगितलं तर "पंक्चरच ना?" म्हणतील.

घोळक्यातून पुढे निसटलेल्या ब्रेकअवेमध्ये आम्ही चौघं होतो. शेवटचे 24 किमी राहिले होते आणि मागच्या घोळक्यावर साधारण 50 सेकंदांची आघाडी होती. पाय असे चालत होते की कित्येक वर्षांत चालले नसतील. उतारावर वळण घेताना मागचं चाक बसल्यासारखं वाटलं. आधी वाटलं ट्यूबलेस आहे, आतलं चिकट सीलंट भरेल भोक. पण टायरच्या बाजूची भिंतच चिरली होती. पांढरं सीलंट फ्रेमवर, पायांवर उडत होतं आणि दोनशे मीटरमध्ये रिम रस्त्यावर आपटायला लागली.

तुला माहीत आहे, आघाडी एक मिनिटाच्या खाली असली की शर्यतीचे पंच, कमिसेअर, संघांच्या गाड्या मध्ये सोडत नाहीत. त्यात आपल्या संघाचे सर शर्यतीआधीच्या बैठकीला उशिरा पोहोचले, म्हणून आपली गाडी रांगेत शेवटून तिसरी. आणि ती तिसरीसुद्धा जागेवर नव्हती, आधी पडलेल्या दोघांसाठी मागेच थांबली होती. राहिली सगळ्याच संघांना चाकं देणारी न्यूट्रल मोटरसायकल. ती आली, चटकन आली. मेकॅनिकने चाक बसवलं, पाठीला रेटा दिला, मी सुटलो. पहिल्याच पेडलला कळलं. चाकावरच्या दातेरी चकत्यांची कॅसेट 11 ची, माझा गिअर बदलणारा डिरेलर 12 चा. एकाही गिअरवर चेन बसेना, आणि डिस्क ब्रेकची चकती, रोटर, कॅलिपरच्या पकडीला घासतोय, खर्र खर्र खर्र. 2018 मध्ये शर्यतींत डिस्क ब्रेक कायमचे आले तेव्हा आपण दोघंच भांडलो होतो, आठवतं? तू म्हणालास, "पावसात थांबता येईल." मी म्हणालो, "पंक्चर झालं की कुणाचंही चाक कुणाला बसणार नाही." बरोबर होतो म्हणून आनंद झाला असं समजू नकोस. रिम ब्रेकच्या दिवसांत कळ उघडली, चाक टाकलं, निघालो. आता रोटर 140 की 160, कॅसेट किती दात्यांची, एक्सलचे आटे कुठले. प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि शर्यतीत मात्र मोटरसायकल एकच.

अर्धा किमी तसाच रेटला. मग घोळका आला आणि माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. त्यातून एक हात वर झाला.

आपल्या संघातला धाकटा. तू त्याला दोनदाच भेटलायस, तो गप्प पोरगा, ज्याला तू स्वतःचे हातमोजे दिले होतेस. मी काही बोललो नव्हतो, हाक मारली नव्हती. तो थांबायच्या आधीच त्याची चेन सर्वांत छोट्या दात्यावर आलेली होती. सहा मिमीची ॲलन की जर्सीच्या खिशातून निघाली, एक्सल बाहेर, चाक हातात. माझ्या सायकलचा एक्सलही त्यानेच काढला, माझी बोटं थरथरत होती. त्याचं चाक माझ्या फ्रेममध्ये बसलं तेव्हा रोटर दोन पॅडच्या मधोमध, कुठे टेकतसुद्धा नव्हता. म्हणाला, "जा दादा." बस, एवढंच.

आणि मी निघालो. न्यूट्रलवाल्यांचं ते खरखरणारं चाक त्याच्या हातात ठेवून.

आता खरी गोष्ट. चेन आधी छोट्या दात्यावर टाकायची, मग थांबायचं, म्हणजे चाक चटकन निघतं, हे त्याला मीच शिकवलंय. हिवाळ्यातल्या सरावात. "एकदा माझ्यासाठी एकजण थांबला होता," असं म्हणून. तुझं नाव सांगितलं नाही. त्या दिवशी तुझी चेन मोठ्या दात्यावर अडकली होती, ब्रेकची कळ सैल करायची राहिली होती आणि चाक निघेना. मी तुझ्यावर ओरडलो. सगळ्यांसमोर. तू मला स्वतःचं चाक देत होतास आणि मी तुला हिशेब विचारत होतो की दहा सेकंद का घालवलेस! मी चौथा आलो. तू रस्त्याकडेच्या दगडावर मागचं चाक नसलेली सायकल मांडीवर घेऊन बसला होतास. नंतर त्या चौथ्या क्रमांकावर मला पुढच्या हंगामाचा करार मिळाला आणि तुझ्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे शर्यत अपूर्ण, एवढंच राहिलं. आपण यावर कधीच बोललो नाही. भांडलो ते काय, तर तू दिलेलं चाक डावीकडे लचकत होतं की नव्हतं यावर! नव्हतं लचकत. अगदी सरळ होतं. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

तुझ्या खोलीत रने व्हिएतोचा फोटो होता ना, 1934 च्या टूर द फ्रान्समधला, आपल्या संघनायकाला, आंतोनां मान्यला, स्वतःचं पुढचं चाक देऊन भिंतीवर बसलेला, रडणारा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या मदतीला मागे फिरला तो. मान्य टूर जिंकला, व्हिएतो पाचवा. मी तुला चिडवायचो की रडका सायकलपटू भिंतीवर कशाला लावलास. काका म्हणायचे, "निदान त्याचा फोटो तरी निघाला." तेव्हा हसलो होतो. तुझा फोटो कुणी काढला नाही.

गाड्यांच्या मागे मागे 12 किमी जीव काढून घोळक्यात परतलो. ब्रेकअवे काही पकडला गेला नाही. मी चौदावा. चौदावा! एवढ्यासाठी त्या पोराचं चाक घेतलं मी.

आणि तो? मला वाटलं गाडी येईपर्यंत थांबला असेल. नाही. त्याने ते न्यूट्रल चाक स्वतःच्या सायकलला लावलं आणि तसाच निघाला, एकटा, ब्रेक घासत. आठ किमी. चढावर गिअर बदलताना चेन कॅसेटच्या पलीकडे गेली, डिरेलर स्पोकमध्ये ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी धरणारा हँगर तुटला. तिथून सायकल खांद्यावर. मागे राहिलेल्यांना गोळा करणाऱ्या ब्रूम वॅगनने उचललं त्याला. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो तर जमिनीवर बसून स्पोकमध्ये अडकलेला चेनचा तुकडा चिमट्याने काढत होता. बोटं काळी. मला विचारतो, "दादा, चाक नीट चाललं ना?" मी म्हणालो हो. मग म्हणाला, "हँगर संघाकडे असेल ना?"

संघाकडे हँगर नाही. एका फ्रेमचा दुसऱ्याला चालत नाही, हे दर हंगामाला सायकली बदलताना कुणाच्या डोक्यात येत नाही. मागवलाय. तोवर तो काकांच्या जुन्या सायकलवर सराव करतोय, जी त्याला दोन नंबर लहान आहे. टायर हंगाम सुरू झाल्यावर आले. दाब मोजायचा गेज एकच, त्याचा काटा दर वेळी वेगळं सांगतो. मी दर वर्षी बोलतो आणि दर वर्षी पुढचं वर्ष येतं.

गुरुवारी निवड आहे. पुढच्या महिन्याच्या टप्प्यांच्या शर्यतीला सहाजण जाणार. सरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कळतंय मला, पण कागदावर डीएनएफ दिसतं." हेच वाक्य, अगदी हेच, मी तेव्हा दाराबाहेर उभा राहून तुझ्याबद्दल ऐकलं होतं. आत गेलो नाही. मला करार हवा होता रे.

या वेळी आत जाणार आहे. सरांना म्हणणार आहे की सहावी जागा माझी असेल तर ती त्याला द्या. माझं वय तुला माहीत आहे, असे महिने आता फार उरले नाहीत, आणि रविवारी पाय जसे चालले तसे पुन्हा चालतील की नाही, देव जाणे. म्हणून सोपं नाहीये. पण एक प्रश्न आहे जो फक्त तुलाच विचारता येईल. तेव्हा मी असं केलं असतं तर तू ती जागा घेतली असतीस? की तुला राग आला असता? पोरगा मानी आहे, तुझ्यासारखाच. दान म्हणून दिलेलं घेणार नाही. 2015 च्या इटलीतल्या जिरो शर्यतीत सायमन क्लार्कने रिची पोर्टला चाक दिलं, तर दुसऱ्या संघाचं म्हणून पोर्टला दोन मिनिटांचा दंड झाला होता. तू तेव्हा दिवसभर चिडचिड करत होतास की चाक देणं हा गुन्हा कसा. म्हणूनच विचारतोय. तुला यातलं जितकं कळतं तितकं दुसऱ्या कुणाला कळत नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे काकांकडून कळलं, तू नाही सांगितलंस. लेक चालायला लागली म्हणे. नवीन घराचे फोटो बघितले, सायकलला जागा दिसली नाही, ते सावकाश सांग. वहिनींना नमस्कार.

बुधवारी रात्री फोन कर. मी केला तर तू मोकळेपणाने बोलणार नाहीस आणि मी भलतंच काहीतरी विचारून ठेवून देईन. पोराचं चाक अजून माझ्याकडेच आहे. आज धुतलं, टायर तपासला, एक बारीक काच निघाली. उद्या सकाळी नेऊन देतो.

तुझा,
मी

ता.क. हँगरचा नंबर काकांना विचारून ठेवलाय. तुझ्या जुन्या सामानाच्या पेटीत तसले दोन-तीन असायचे. बघशील का?