बुवांचा आवाज दोन्ही कानांना द्या

संपादक महोदय,

माझ्या आईचा डावा कान लहानपणी फुटून वाहायचा, पुढे तो कायमचाच गेला. दिवाबत्ती झाली की ती मोबाइलवर कीर्तन लावते आणि उजव्या कानात इयरफोन घालते. गेल्या महिन्यात म्हणाली, "अरे, टाळ ऐकू येतायत, पण बुवा नुसते हात हलवतायत. फोन बिघडला का बघ." फोन धड होता. मी डावीकडचा इयरफोन माझ्या कानाला लावला, तर बुवा खणखणीत!

लग्नाच्या शूटिंगचे एडिटिंग हा माझा धंदा आहे, त्यामुळे कारण लगेच ध्यानात आले. बुवांचा कॉलर माइक डाव्या चॅनेलला आणि टाळ-मृदंगासमोरचा माइक उजव्या चॅनेलला जोडला होता. एडिटरने दोन्ही तसेच स्टिरिओमध्ये, म्हणजे डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा आवाज असे वेगळे ठेवून फाइल अपलोड केली. दोन स्पीकर लावून ऐकणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाचे मात्र अख्खे निरूपण जाते. एकच इयरफोन चालू असलेली माणसेही घरोघरी आहेत.

असे रेकॉर्डिंग कॉम्प्रेस करण्याआधी, म्हणजे फाइल आटवण्याआधी, दोन्ही आवाजांचा मेळ बसवून मोनो करावे, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज द्यावा, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे. पण डोळे झाकून करू नये. एक बाजू रिकामी असेल आणि दोन्हींची सरासरी काढली, तर आवाज 6 डेसिबलने पडतो. तिथे भरलेली बाजूच दोन्हीकडे घ्यावी. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी 'फिल राइट विथ लेफ्ट' हा इफेक्ट आहे. दुसरा धोका याहून वाईट. साउंड मिक्सरची बॅलन्स्ड लाइन (एकच आवाज एका तारेत सुलट, दुसरीत उलट नेणारी केबल) चुकीच्या पिनने कॅमेऱ्याच्या स्टिरिओ इनपुटला दिली, तर दोन चॅनेलवर एकच आवाज येतो, पण एकीकडे त्याची लहर सुलट, दुसरीकडे उलट. हेडफोनवर तो ऐकू येतो. मोनो केले की दोन्ही एकमेकांना खोडतात आणि वक्ता मुका होतो. अशा वेळी एकच चॅनेल ठेवावा. म्हणून अपलोड करण्याआधी फाइल एकेका कानाने आणि मग फोनच्या स्पीकरवर ऐकावी. पाच मिनिटांचे काम आहे.

मोनोने फाइल लहान होते, हेही खरे. तासाभराचा आवाज 128 केबीपीएसने (सेकंदाला 128 किलोबिट) सुमारे 58 एमबी होतो, 64 ने 29 एमबी. चित्रच साडेचारशे एमबीचे असेल तर ही बचत किरकोळ आहे, त्यासाठी कोणी मोनो करावे असे मी म्हणणार नाही. मात्र खेड्यातल्या नेटसाठी आवाज 32 केबीपीएसवर आणायचा झाला, तर स्टिरिओत बोलणे पाण्यातून आल्यासारखे होते, मोनोत शब्द पुष्कळ स्वच्छ राहतात. गाण्याच्या मैफिलीला हा नियम लावू नये. तिथे तबला एकीकडे, पेटी दुसरीकडे, हीच तर मजा असते.

अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असते. आईच्या फोनवर मी ते चालू करून दिले. दुसऱ्या दिवशी तिने तेच कीर्तन पहिल्यापासून लावले. पण सत्तरीच्या किती माणसांना हे सेटिंग सापडेल?

गणेशोत्सवातली कीर्तने आणि व्याख्याने आता जवळ आली आहेत. कोणत्याही मंडळाने आपले रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर आणून दिले, तर आवाज मी फुकट नीट करून देईन.

— एक व्हिडिओ एडिटर, कराड