अडतिसावं चित्र

संपादक महोदय,

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि मुलांसाठीची चित्रं करते. सहायक निवडताना नवोदितांचे ऑनलाइन पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामाचे नमुने मांडलेले संग्रह, पाहावे लागतात. चांगला हात असलेली मुलंमुली केवळ मांडणीपायी मागे पडतात, तेव्हा जीव हळहळतो.

गेल्या आठवड्यात एका मुलीची साइट उघडली. साठ-सत्तर चित्रं, सगळी एकाच मापाची, कॉलेजातल्या सरावापासून कालच्या कामापर्यंत. अडतिसावं चित्र पावसात भिजलेल्या सायकलचं होतं. सीटवर साचलेल्या पाण्यात खिडकीचा उजेड उतरलेला. मी बराच वेळ तिथेच थांबले. हे चित्र सर्वांत वर हवं होतं! इतकं खाली जाणार कोण? दहा-बारा निवडक कामं पुरतात, आणि ज्या प्रकारचं काम पुढे मिळावंसं वाटतं तेच आधी दाखवावं.

चित्राखाली दोन ओळी हव्यातच: काम काय होतं, त्यात आपला वाटा किती, कच्चं रेखाटन कसं होतं. गटात केलं असेल तर सोबत्यांची नावंही.

छपाईसाठीची भलीमोठी फाइल तशीच चढवू नये. पडद्यासाठी चित्राची लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास पुरते; हलक्या फायलींसाठी वेबपी (WebP) हा चित्रफाइलचा प्रकार २०१० पासून आहे. साइट स्वतः मोबाइलवर उघडून पाहावी.

आणि ईमेलचा पत्ता! त्या मुलीच्या साइटवर तो शोधूनही सापडला नाही. तिला कळवायचं राहूनच गेलं.

– एक चित्रकार