चेर्नोबिलचे घोडे दाखवलेत, दुधाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला, युक्रेनमधल्या चेर्नोबिलला १९८६ ला अणुभट्टी फुटली त्या जागेवरचा पानभर लेख वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून आज सकाळीच लिहायला बसलोय. रानटी घोडे, लांडगे, रिकाम्या बिल्डिंगमधून वर आलेली झाडं, फोटो चांगले आहेत, लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेत हे दिसतं. पण घोड्यांना तीन कॉलम आणि दुधाला एक ओळ? "दुधातूनही किरणोत्सर्ग पसरला", एवढंच. साहेब, माझी सगळी नोकरी दक्षिण सोलापूर तालुक्यात दूध संकलन केंद्रावर गेली, फॅट लावणं, डिग्री बघणं, कॅन मोजून टँकरला देणं. दूध आपोआप पसरत नाही हो. कोणीतरी धार काढतं, कोणीतरी केंद्रावर आणून घालतं, कोणीतरी टँकर भरतं आणि कोणाची तरी आई ते तापवून पोराला देते. यातल्या एकाला जरी वेळेत सांगितलं असतं तरी ते तिथंच थांबलं असतं. सांगितलं नाही. लेखात हे यायला पाहिजे होतं.

तुम्ही मृतांचा आकडा ३१ दिलात. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही, दोघं त्या रात्रीच गेले, एक हृदयविकाराने, २८ जण पुढच्या काही महिन्यांत रेडिएशनने तडफडून गेले, त्यात आग विझवायला गेलेले फायर ब्रिगेडचे लोकही होते, त्यांना माझा नमस्कार. पण हे सगळे प्लांटवर हजर असलेले. गावाकडच्या गोठ्यातलं दूध पिणारी पोरं या आकड्यात कुठंच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीचाच हिशोब आहे, बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या त्या भागात तेव्हा लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉईडच्या कॅन्सरच्या ६ हजारांवर केसेस निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याच केसेसचं मूळ दुधातल्या किरणोत्सर्गी आयोडीनमध्ये आहे. बहुतेक पोरं ऑपरेशन करून वाचली, पण गळ्यावर कापल्याची खूण आणि जन्मभर रोज गोळी.

आता हे होतं कसं तेही लिहितो, कारण लेखात नाहीये. रिअ‍ॅक्टर फुटला की आयोडीन-१३१, म्हणजे तेच किरणोत्सर्गी आयोडीन, हवेतून जाऊन गवतावर बसतं. गाय दिवसभर रान फिरून चरते, म्हणजे एवढ्या मोठ्या रानावरचं आयोडीन ती एकटी गोळा करते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते धारेत उतरतं. पोराची गळ्यातली थायरॉईड ग्रंथी केवढीशी असते, दूध मात्र मोठ्यांपेक्षा जास्त पितं, आणि त्या भागात लोकांच्या जेवणातच आयोडीन कमी, त्यामुळे मिळेल ते आयोडीन ही ग्रंथी ओढून घेते. पण हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं, अडीच-तीन महिन्यांत जवळजवळ संपतं. म्हणजे खरा धोका पहिल्या थोड्या आठवड्यांचाच! गाई गोठ्यात बांधून जुनी वैरण घातली असती तरी चाललं असतं, आपल्याकडं नाही का उन्हाळा कडब्यावर काढत. आणि जे दूध निघालं त्याची पावडर किंवा चीज करून गोदामात ठेवायचं, आयोडीन आपोआप उतरतं, दूध ओतून द्यायचीसुद्धा गरज नाही. हे दुधाच्या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला पाच मिनिटांत कळतं, फक्त त्याला आज रिअ‍ॅक्टर फुटलाय हे कोणीतरी सांगायला पाहिजे.

आणि तेच झालं नाही. २६ एप्रिल १९८६ ला मध्यरात्री १ वाजून २३ मिनिटांनी स्फोट, दिवस शनिवार, प्लांटशेजारच्या प्रिप्यात शहरात सकाळी शाळा नेहमीसारख्या भरल्या. लोकांना हलवायला बस आल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. जगाला कळलं ते २८ तारखेला, स्वीडनच्या फोर्समार्क प्लांटमध्ये एका कामगाराचे बूट रेडिएशन मोजायच्या मशिनवर वाजले म्हणून, हजार किलोमीटरवर! १ मे ला युक्रेनच्या राजधानीत, कीव्हमध्ये, कामगार दिनाची परेड काढली, पोरं रस्त्यावर. सोव्हिएत युनियनचे प्रमुख गोर्बाचेव्ह टीव्हीवर बोलले १४ मे ला. तोपर्यंत त्या गावांत किती धारा काढून झाल्या असतील ते बघा. शेजारच्या पोलंडने मात्र २९ एप्रिलपासून साधं आयोडीन पाजायला घेतलं, म्हणजे ग्रंथी आधीच भरते आणि किरणोत्सर्गी आयोडीन ओढत नाही, आणि १ कोटीच्या वर पोरांना दिलं. आणि त्याच्याही आधी, १९५७ ला इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा दोन-तीन दिवसांत दूध बंद केलं होतं, सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध नदीत नि समुद्रात ओतलं. त्यांनीही चौकशी अहवाल दाबला, ते काही संत नव्हते, पण दूध थांबवलं. म्हणजे चेर्नोबिलच्या २९ वर्षं आधी हे माहीत होतं.

मी एवढा का चिडलोय त्याला कारण आहे. आमच्या केंद्राच्या हद्दीत एका उन्हाळ्यात रात्री कोणीतरी केमिकलचा टँकर ओढ्यात रिकामा केला. सकाळी ओढ्याच्या डबक्यावर साबणासारखा फेस, वास असा की डोळ्यातून पाणी. पाणी प्यायलेली एक पंढरपुरी म्हैस गोठ्याच्या दारातच बसली, नाकातून फेस, शिंगं जमिनीला टेकलेली, आणि म्हातारी तिच्या तोंडावर ओलं फडकं फिरवत बसलेली. दुपारपर्यंत म्हैस गेली. त्या बाजूचे कॅन आम्ही आमच्या जबाबदारीवर बाजूला काढले आणि ओतून दिले, शेतकरी आमच्यावरच ओरडत होते कारण पैसे कोण देणार. ज्या ऑफिसने सांगायचं तिथं गेलो तर साहेब म्हणाले सॅम्पल घेतलंय, रिपोर्ट येऊ द्या, उगाच लोकांत घबराट करू नका. रिपोर्ट कधी आलाच नाही, म्हशीची भरपाईही नाही, आणि टँकर कोणाचा हे सगळ्या गावाला माहीत होतं. खालच्या वस्तीवर तर दोन दिवस जनावरं तेच पाणी पीत होती, त्यांना कोणी काही बोललंच नाही. आमचा टँकर साधा, तिकडं रिअ‍ॅक्टर, पण साहेबांचं बोलणं सगळीकडं तेच.

आणि तो निसर्ग परत आला वगैरे, त्याबद्दलही बोलायचंय. प्राणी वाढले हे खरं आहे, माणूस नाही, शिकार नाही, वाढणारच. पण प्लांटजवळचं पाइनचं जंगल लाल पडून मेलं, ते गाडावं लागलं, ते लेखात नाही. स्फोटातून पडलेलं दुसरं किरणोत्सर्गी द्रव्य म्हणजे सीझियम-१३७, ते निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, ते मातीत आहे, मशरूममध्ये आहे. ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरात, २ हजार किलोमीटरच्या पुढं, मेंढ्या विकायच्या आधी त्यांच्यातलं सीझियम तपासायचं बंधन २०१२ पर्यंत होतं. म्हणजे मेंढपाळाची एक पिढी त्यात गेली. बेलारूस-युक्रेनमध्ये पुढं गाईंना प्रशियन ब्लू खायला घालून दुधातलं सीझियम कमी केलं, आपल्या डाईंगवाल्यांना निळा रंग म्हणून माहीत असेल तोच. असं काम करणाऱ्या लोकांवर एक चौकट टाकली असती तर काय बिघडलं असतं?

मी अणुवीजेच्या विरोधात नाही. तारापूर १९६९ पासून चालू आहे, जैतापूरचं काय ते तज्ज्ञ बघतील. माझी मागणी एवढीच की अशा प्लांटच्या आसपासच्या दूध केंद्रांना, काही झालं तर पहिल्या तासात कोण फोन करणार आणि कुठली वैरण घालायची, हे गावात मराठीत बोर्डावर लिहिलेलं असावं. तुमच्या वार्ताहराने तारापूरच्या बाजूच्या गावांत जाऊन विचारावं, असं काही लिहिलंय का, आणि जे मिळेल ते छापावं.

जाता जाता अजून एक. कुठल्या भागाला कधी पाणी येणार ते तुम्ही आधी पहिल्या पानावर छापत होता, आता कधी आत, कधी नाहीच. चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ती बातमी कोपऱ्यात टाकू नका, काल आमच्या गल्लीत निम्म्या लोकांचं पाणी गेलं कारण वेळ बदललेली कोणाला माहीतच नव्हती. ते वेळापत्रक उद्यापासून परत पहिल्या पानावर घ्या.

आपला,
एक जुना वाचक, जुळे सोलापूर