दोन सुताच्या बिटाबद्दल आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण पत्र उघडच लिहितेय. वास्कोच्या जहाज-दुरुस्तीत उभा जन्म लोखंड कातलेल्या माणसानं मला लाकडाचं हत्यार निवडायला शिकवलं, हे लाकूडकाम करणाऱ्या चार जणांना कळायला हवं.

मी तुमच्याकडे आले ती हत्यारांची यादी घेऊन. पेंडंटवर ऑफसेट नक्षी करायची होती आणि यातलं काय घेऊ, एवढाच माझा प्रश्न होता. तुम्ही कागद उलटा केलात, पाठीवर पेन्सिलीनं खाचेचा आकार म्हणून इंग्रजी व्ही काढलात आणि म्हणालात, "पयलीं रेग पळय, हत्यार मागीर." आधी रेघ बघ, हत्यार नंतर.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या लाखकामात लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, लाकूड एकाच आसावर फिरतं, म्हणून रंगाचे पट्टे मधल्या बिंदूभोवतीच बसतात. ऑफसेटमध्ये पाच-सहा मिलिमीटर जाडीची चकती चकवर, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीवर, मुद्दाम बाजूला सरकवून बसवायची, एक वर्तुळ कोरायचं, चकती थोडी फिरवायची, पुढचं कोरायचं. एकमेकींवर टेकलेल्या बांगड्यांसारखी वर्तुळं तयार होतात आणि ती जिथे छेदतात तिथे बारीक शंकरपाळ्या उठतात. लंडनच्या होल्टझॅफेल घराण्यानं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून नक्षीच्या ज्या लेथ बनवल्या, त्यांच्यावरच्या एक्सेंट्रिक कटरमध्ये काम स्थिर राहून कटर फिरत असे. आपल्याकडे काम फिरतं आणि हात स्थिर ठेवावा लागतो. म्हणून सगळा भार टोकावर येतो.

तुमच्या त्या पेन्सिलीच्या व्हीचा हिशोब मी भिंतीवर लावलाय. खोली अर्धा मिलिमीटर धरली, तर 60 अंशाचं टोक साधारण 0.6 मिलिमीटर रुंद रेघ देतं, 90 अंशाचं बरोबर 1, आणि 120 अंशाचं 1.7. खोली तीच, पण पहिली रेघ काळी दिसते आणि तिसरी चमकते, कारण पसरट खाचेच्या दोन्ही भिंतींवर उजेड पडतो. शिसवासारख्या गडद लाकडावर काळी रेघ बुडूनच जाते. तिथे पसरट टोक हवं. फणसाच्या पिवळ्या लाकडावर 60 अंश शोभतो. इतकं कळलं आणि माझी यादी आपोआप तीन ओळींची झाली: एक अरुंद टोक, एक पसरट, आणि पाकळीसारखा मऊ खोलगटपणा हवा तेव्हा एक गोल नाकाचं. बाकीचं सगळं दुकानदाराच्या सोयीचं.

तयार कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे हत्यारावर बसवायचं अतिकठीण धातूचं पातं, घेऊ का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात की त्याला घरच्या दगडावर धार लागत नाही, हिऱ्याचं चाक लागतं, आणि कोन कारखान्यानं ठरवलेला असतो. मग खणातून दोन सुताचा, म्हणजे पाव इंची, चौकोनी हायस्पीड स्टीलचा बिट काढलात, घासून हवं ते टोक करता येतं असा. ग्राइंडरवर टोक निळं पडलं तेव्हा मी घाईनं पाण्याचा डबा पुढे केला, तो तुम्ही पायानं सरकवलात. साधं पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. हायस्पीडचं उतरत नाही, उलट तापलेला बिट पाण्यात बुडवला तर त्याला केसासारख्या भेगा जातात. बाहेरच्या अंगाला तुम्ही उतार जास्त दिलात. वर्तुळ लहान असलं की खाचेची बाहेरची भिंत वळून हत्याराच्या पोटाला घासते, म्हणून. लाकूडकामवाल्यांपैकी कुणी मला हे सांगितलं नव्हतं. शेवटी वरची सपाटी तेलाच्या दगडावर आरशासारखी केलीत आणि टोक नखावर टेकवलंत. घसरलं नाही, म्हणजे धार लागली.

ती शेवटची घासाई किती मोलाची, ते काम करताना समजलं. पॉलिश पेपर चकतीवर मारायचा तो नक्षीच्या आधी. नंतर मारला तर शंकरपाळ्यांची टोकं बोथट होतात, आणि खाचेच्या तळाशी कागद पोहोचत नाहीच. म्हणजे हत्यार जे सोडून जाईल तेच फिनिशिंग. टोकावर जरा बर, म्हणजे घासताना वळलेली धातूची बारीक कड, राहिली, की प्रत्येक फेऱ्यात दोनदा, जिथे आडवी नस येते तिथे, लाकूड फाटतं.

टूल रेस्टबद्दलही, म्हणजे हत्यार टेकवायच्या दांडीबद्दल, तुमचं ऐकते. चकती कितीही सरकली तरी लेथचा आस हलत नाही, तेव्हा टोक त्याच उंचीला ठेवायचं. स्विच दाबण्याआधी हातानं एक पूर्ण फेरा. तोल एका बाजूला गेलेला असतो, म्हणून वेग कमी ठेवून सुरुवात. आणि शिसव कातताना मास्क, कारण त्याची धूळ काहींच्या अंगावर उठते. याबाबतीत तुम्ही स्वतः मात्र पंचा बांधता, तो पुरत नाही. हे मी तोंडावर बोलले नव्हते, आता सगळ्यांदेखत बोलतेय.

पैशाचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून पुन्हा विचारत नाही. बिटाला मात्र मशीनचं तेल पुसून ठेवते. आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस व्हायला लागतो.

चतुर्थी झाली की 120 अंशाचा एक बिट घासायला येईन. तुमच्या ग्राइंडरच्या दगडाला मधोमध चर पडलाय, तेवढा ड्रेस करून, म्हणजे दगड सपाट करून, ठेवा. काकूंचं पेंडंट तयार आहे. शिसव नको म्हणाल्या होत्या, म्हणून फणसाचं केलंय, 60 अंशाच्या टोकानं. दोरा कुठल्या रंगाचा हवा, तेवढं विचारून कळवा.

तुमची विद्यार्थिनी,
फोंडा, गोवा