ल्युपसच्या रुग्णाचे रक्त पुण्यापर्यंत का जावे?

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. दहातल्या नऊ रुग्ण बायका, त्याही ऐन कामाच्या वयातल्या. आमच्याकडे गाल लाल झाले की वांगाचे मलम, सांधे धरले की वाताची गोळी, ताप आला की सलाईन, यातच वर्ष जाते. त्यात बाई ऊसतोडीची असेल तर सगळा हंगाम उन्हात, आणि उन्हाने हा आजार भडकतो. लघवीला फेस येऊ लागला तरी ती फडातच असते, कारण मुकादमाची उचल फिटलेली नसते. फेस म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिने गळत असल्याची खूण असू शकते.

ल्युपस ओळखण्याच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिपिंडे शोधणारी रक्ततपासणी, ही पहिली पायरी आहे. पण निरोगी माणसातही एएनए पॉझिटिव्ह येते, म्हणून पुढे अँटी-डीएसडीएनए (डीएनएवर उलटलेली प्रतिपिंडे), सी३, सी४ (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिने) आणि लघवीतल्या प्रथिनांचे प्रमाण पाहावे लागते. यातली लघवीची तपासणी आम्ही इथेच करतो. बाकीचे रक्त थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला जाते. मे महिन्यात गाडी वाटेत बंद पडली आणि बर्फ विरघळला, तर त्या सी३-सी४ च्या आकड्यांवर डॉक्टरांनी भरवसा कसा ठेवायचा? खर्च मात्र रुग्णाचाच, कारण सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी.

संशोधन बरेच पुढे गेले आहे. लघवीतल्या एमसीपी-१, एनगॅलसारख्या प्रथिनांवरून मूत्रपिंडाचा दाह ओळखता येतो का, हे जगभर तपासले जातेय. लखनौच्या संजय गांधी वैद्यकीय संस्थेतही असे काम झाले आहे. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायची बायोप्सीची सुई टळेल असे अजून कोणी म्हणत नाही, पण दिशा तीच आहे. नव्या औषधांचे मी बोलतच नाही. २०२० मध्ये कोविडसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर उड्या पडल्या तेव्हा ल्युपसच्या बायकांना त्यांची हीच रोजची गोळी मिळेना, हे आम्ही पाहिले.

म्हणून मागणे असे. संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर यांपैकी एका तरी शासकीय महाविद्यालयात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसाठी या तपासण्यांचे मोफत केंद्र करा. तिथे रुग्णांची नोंदवही असावी आणि संमतीने घेतलेले रक्त-लघवीचे नमुने उणे ८० अंशांवर जपावेत, म्हणजे उद्याच्या संशोधनात आमच्या बायकाही मोजल्या जातील. फ्रीजरसोबत जनरेटर आणि तो चालवणारा माणूसही मंजूर करा; नुसता फ्रीजर आला तर त्यात काय ठेवले जाते ते आम्हाला ठाऊक आहे.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. केंद्राला वेळ लागणार असेल तर निदान त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऊसतोडीच्या बायकांच्या लघवीची पट्टी तपासण्याचा आदेश आरोग्य खात्याशी बोलून काढा, आणि निदान झालेल्यांना हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या सोबत द्या.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, बीड जिल्हा