संगणक ‘गेला’ म्हणण्यापूर्वी तो उघडून पाहावा

मा. संपादक,

महोदय,

सीमाभागातील अनेक मराठी घरांत मुलांच्या शिक्षणासाठी हौसेने घेतलेला डेस्कटॉप संगणक आज कापड टाकून कोपऱ्यात किंवा थेट माळ्यावर पडून आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात संगणक दुरुस्तीचे काम करताना मला सातत्याने असे दिसते, की यातली बरीच यंत्रे थोड्या खर्चात पुन्हा चालू होण्यासारखी असतात. मात्र कॅबिनेटचा पत्राही न काढता ‘मदरबोर्ड (आतले सर्व भाग जोडणारी मुख्य पाटी) गेला, आता नवाच घ्या’ असा निकाल दिला जातो. सामान्य कुटुंबाला हा निकाल पडताळून पाहता येत नाही, म्हणून तो मान्य केला जातो. या प्रकाराकडे वाचकांचे आणि या व्यवसायातील माझ्या सहकाऱ्यांचेही लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि कपाटातले कपडेही दमट लागतात. अशा हवेत संगणक चार-सहा आठवडे बंद राहिला, की तो सुरू केल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि काही यंत्रांतून ठरावीक अंतराने ‘बीप’ असा आवाज येत राहतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाला नेमक्या याच लक्षणावरून एका दुकानात मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगण्यात आला होता. प्रत्यक्षात रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्टीच्या सोनेरी टोकांवर दमटपणाने पुटे चढली होती, एवढेच. अशा वेळी आधी वीजजोडणीची पिन भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आतली उरलेली वीज उतरू द्यावी, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी आणि मग पट्टी काढून तिची टोके पेन्सिलच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसावीत. पट्टी परत बसवताना खटका बसल्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहिल्यास सदोष पट्टी कोणती, हेही कळते. मदरबोर्डवर संशय घ्यायचा तो एवढे करून झाल्यानंतर.

दुसरे असेच फसवे लक्षण तारखेचे आहे. ऐन प्रवेशअर्ज भरण्याच्या दिवसांत एकही संकेतस्थळ उघडत नाही, ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना येते, आणि घरचे लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात किंवा व्हायरस शिरला असे समजून पैसे खर्च करतात. संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली तर ती कित्येक वर्षे मागे गेलेली असते. मदरबोर्डवर सीआर 2032 नावाचा रुपयाच्या नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल असतो आणि संगणक बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालते. सेल संपला, की तारीख मागे पडते, आणि त्या चुकीच्या तारखेमुळे संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे संगणकाला अवैध वाटू लागतात. रात्री मुख्य बटण बंद करण्याची आपल्याकडची सवय चांगलीच आहे, पण त्या घरांत हा सेल लवकर संपतो, कारण भिंतीतली वीज चालू असेपर्यंत घड्याळाला तिचाच पुरवठा होत असतो. घड्याळाच्या दुकानातही मिळणाऱ्या या किरकोळ सेलपायी कोणी मोठे बिल भरू नये.

धुळीचा प्रश्न आपल्या भागात ठिकाणागणिक वेगळा आहे. निपाणीकडे तंबाखूची बारीक पूड, उद्यमबागच्या आसपास कारखान्यांची धूळ, तर शहापूर-वडगावात घरातच यंत्रमाग असल्याने सुताचे तंतू. वडगावातील एका विणकराच्या घरातला संगणक दर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडत असे. प्रोसेसरवरचा, म्हणजे गणना करणाऱ्या मुख्य चिपवरचा, पंखा उचलला तेव्हा त्याच्याखालच्या हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांवर तंतूंचा वाकळीसारखा घट्ट थर बसलेला होता. पंखा वरून व्यवस्थित फिरत होता, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला शंका येण्याचे कारणच नव्हते, पण वारा पट्ट्यांपर्यंत पोहोचत नव्हता. बहुतेक प्रोसेसर 100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही उष्णता वाढत राहिली तर यंत्र बंद करतात. हा बिघाड नसून बचाव असतो. तो थर काढून, प्रोसेसरवरची वाळून खडबडीत झालेली थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून नवी लावल्यावर संगणक दिवसभर चालू लागला. ही सफाई ब्लोअरने किंवा मऊ कोरड्या ब्रशने करावी, आणि वारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण तो भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारी, पेटी मात्र घरी कोणीही उघडू नये. पिन काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विजेचा धोकादायक दाब साठून राहिलेला असू शकतो.

विजेबद्दल मला थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण येथे यंत्रापेक्षा माणसाचा प्रश्न आहे. जुन्या घरांत कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, आणि ‘थोडा करंट येतोच त्याला’ म्हणून तिकडे दुर्लक्ष केले जाते. एसएमपीएसमधील गाळणीतून (फिल्टरमधून) अत्यल्प प्रवाह कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो आणि अर्थिंगच्या तारेतून त्याने जमिनीत जावे, अशी मूळ रचना असते. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवण्यासाठी मधली पिन मोडून टाकलेली असेल, तर तो प्रवाह स्पर्श करणाऱ्याच्या हातातून वाट काढतो. त्या झिणझिण्या म्हणजे घरात अर्थिंग नसल्याची खूण आहे, आणि उद्या आत खरोखरच तार सुटली तर तोच पत्रा जीवावर बेतू शकतो. नवा यूपीएस घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की केवळ बटण बंद करून भागत नाही. पिन भिंतीतून काढावी आणि तांब्याच्या तारेची इंटरनेट जोडणी असेल तर ती केबलही काढावी, कारण वीज त्या मार्गानेही आत येते. अशा तडाख्यापुढे स्वस्तातला स्पाइक गार्ड टिकत नाही.

संगणक संथ झाला, की ‘फॉरमॅट मारून देतो’ हा आपल्याकडचा ठरलेला उपाय आहे, आणि सर्वांत मोठे नुकसान त्यातच होते. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेल्या फायली सी ड्राइव्हमध्येच, म्हणजे विंडोज असलेल्या डिस्कच्या भागातच, असतात. फॉरमॅटमध्ये तो ड्राइव्ह पुसला गेला, की लग्नाचे फोटो, शेताचे स्कॅन केलेले उतारे, भजनी मंडळाने जमवलेले अभंग, मराठी शाळेच्या संस्थेची इतिवृत्ते एका फटक्यात जातात. ज्या फायली युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत, त्या बचावल्या तरी त्यांचा फॉन्ट नाहीसा झाल्यामुळे पडद्यावर नुसती निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून फायलींबरोबर फॉन्ट्सच्या फोल्डरचीही प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याखेरीज कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये. शिवाय संथपणाचे मूळ बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमध्ये असते. टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजच्या कामाचा भार दाखवणाऱ्या खिडकीत) डिस्कचा आकडा काही न करताही 100 टक्क्यांवर अडकलेला दिसला, तर जुन्या डिस्कवरचे सर्व काही जसेच्या तसे एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) उतरवून घेणे, हा फॉरमॅटपेक्षा कितीतरी टिकाऊ उपाय आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यंत्र लगेच बंद करून आधी माहिती वाचवावी.

विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्यापासून जुने संगणक बाद ठरवण्याला आणखी एक निमित्त मिळाले आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही यंत्रातली सुरक्षा सुविधा लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्यात बसत नाहीत, हे खरे आहे. तथापि घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव अद्यतने घेता येतात, आणि त्यानंतरही लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली त्याच यंत्रावर चालते, मराठी टंकलेखनासह.

दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे, की बिघाडाचे निदान काय झाले ते चिठ्ठीवर लिहून द्यावे, बदललेला जुना भाग ग्राहकाच्या हाती परत द्यावा आणि फॉरमॅटपूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. संगणक खरोखरच निकामी झाला असेल तर तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर न घालता नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावा. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत त्याची तरतूद आहे. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्यायला विसरू नये.

आपल्या भागातील वाचनालयांनी आणि मराठी शाळांनी दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, पालकांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक ठेवावे, असे मला सुचवायचे आहे. एक जुने कॅबिनेट टेबलावर उघडून रॅम, सेल, पंखा आणि अर्थिंगची पिन प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पाहू द्यावी. ज्या संस्था असे प्रात्यक्षिक ठरवतील, तेथे ब्लोअर, ब्रश आणि थर्मल पेस्ट घेऊन मी विनामोबदला येईन.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्तीकार,
खानापूर, जि. बेळगाव